पहिल्या अंदाजाचा रकाना

"ताई, अजून किती वेळा मागे जाणार?" शेजारच्या टेबलावरून सुधारितने विचारलं, तेव्हा ताईंना कीबोर्ड उचलून त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. सकाळपासून त्या एकच फाइल उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या. जुने आकडे काही परत येत नव्हते.

शेअर दलालांच्या त्या ऑफिसात त्यांना सगळे रकानाताई म्हणत. कोणत्या कंपनीला या तिमाहीत किती नफा होईल, याचे पहिले अंदाज विश्लेषक सोमवारच्या बैठकीत तोंडी सांगत आणि ताई ते बसल्या जागी तक्त्यात टाइप करत. निकाल लागला की शेजारच्या रकान्यात खरा नफा भरायचा आणि कोण किती चुकलं ते काढायचं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणाचंच त्यावाचून अडत नव्हतं, म्हणून कोणी लक्षही देत नव्हतं.

मग एकदा मोठ्या साहेबांची नजर तक्त्यावर पडली. काही घरांत फॉर्म्युला, काही घरांत नुसतेच आकडे, हे फार गबाळं दिसतं, म्हणाले. ताईंना ते लागलं. त्यांनी वरच्या घरातला फॉर्म्युला माउसने धरला आणि टाइप केलेल्या आकड्यांवरून सरळ खालपर्यंत ओढून टाकला. विश्लेषकाचं नाव, कंपनी आणि तिमाही दिली की तो फॉर्म्युला बाहेरच्या माहितीसेवेतून त्याचा अंदाज आपोआप आणून बसवायचा. तक्ता कसा चकचकीत दिसायला लागला. त्या दिवशी ताई स्वतःवरच खूश होत्या.

त्या सेवेकडे प्रत्येकाचा फक्त शेवटचा अंदाज असतो, हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

सुधारितला ते नाव पडलं होतं याच कारणाने. निकालाच्या आदल्या दिवसापर्यंत तो अंदाज सुधारत राहायचा. कंपनीने जरा इशारा दिला की आकडा खाली, बाजारात कुजबुज झाली की वर. आता त्याच्या पहिल्या, भलत्याच चुकलेल्या अंदाजांच्या जागी हे शेवटचे येऊन बसले होते. काकांचे आकडे तेवढे होते तसेच राहिले. काका ऑफिसातले सगळ्यात जुने विश्लेषक, आणि एकदा सांगितलेला आकडा ते बदलत नसत. ज्याने आपलं ऐकून आधीच शेअर घेतले त्याला आता काय तोंड दाखवू, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं आज उघडकीला आलं, कारण दोघांपैकी एकालाच ठेवायचं ठरलं होतं. साहेबांनी ताईंना जुना हिशोब काढायला सांगितला, ज्याची चूक कमी तो राहील. ताईंनी चुकांची बेरीज केली. सुधारित पुढे होता, तोही चांगलाच.

फाइलच्या जुन्या प्रती ऑफिसच्या यंत्रावर महिनाभरच राहत, आणि फॉर्म्युला ओढल्याला कितीतरी महिने लोटले होते. माहितीसेवेला फोन केला, तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की नवा आल्यावर जुन्याचं काय काम असतं, मॅडम. सुधारितला त्याचे पहिले आकडे विचारले, तर तो बिचारा खरंच खूश झाला होता. म्हणाला, आपण एवढे बरोबर होतो हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. त्याच्यावर धड रागावताही येईना.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बिघडलेली वस्तू नीट होतेच, यावर त्याचा फार विश्वास.

"अगं, मग परत टाइप कर ना."

"कशात बघून टाइप करू?"

मग तो म्हणाला, "जेवलीस का?" ताईंनी हो म्हटलं आणि डबा न उघडताच पिशवीत ठेवला.

दुपारी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, तक्ता खोटं बोलतोय, यावरून कोणाला काढू नका. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, हेच जास्त वाईट झालं.

"ताई, तुमचं खरं असेलही," ते म्हणाले. "पण वर मी काय दाखवू? तुमची आठवण?"

काका खिडकीपाशी चहा पीत होते. ताईंनी त्यांनाच फैलावर घेतलं. तुम्ही भांडत का नाही, तुम्हालाही सगळं आठवतंय, दोघं मिळून जाऊ.

"त्याच्या चुका सांगत फिरू का आता?" काका म्हणाले. "माझे आकडे आहेत ना जागेवर? मग झालं."

झालं कसलं? ताई जागेवर येऊन बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक घर ओढलं, आणि माणसाची इतक्या वर्षांची अक्कल पुसली गेली.

महिनाअखेरीला काकांना निरोप दिला. शेवटच्या सोमवारी त्यांनी पंप बनवणाऱ्या कंपनीचा अंदाज नेहमीसारखाच सांगितला. कोणी मान वर केली नाही. ताईंनी तो फॉर्म्युल्यावर न सोडता हाताने टाइप केला. आता माहितीसेवेतून काकांचं नाव निघणार आणि फॉर्म्युला त्यांच्या प्रत्येक घरात 'सापडत नाही' असं दाखवणार, हे या वेळी त्यांना आधीच कळलं. संध्याकाळी काका खण रिकामा करत होते, तेव्हा त्यांनी काकांचा अख्खा रकाना निवडला, फॉर्म्युले काढून टाकले आणि नुसते आकडे ठेवले. तक्ता पुन्हा गबाळा दिसायला लागला.

पंप कंपनीचा निकाल आला, तेव्हा काकांच्या खुर्चीवर जुने डबे रचलेले होते. ताईंनी फाइल उघडली. नवी माहिती येऊ लागली तशी बाकीचे रकाने लुकलुकले. सुधारितचा आकडा कालच्यापेक्षा वेगळा होता, आणि अगदी बरोबर. काकांचा रकाना हलला नाही.

काका थोडे चुकले होते. ताईंनी फरक काढला आणि त्यांच्या नावापुढे भरला.