भिंतीवरचं बेटाचं झाड

भैयाजी म्हणजे पक्का हेकट माणूस. पाण्यावाचून काही जगतं, हे साक्षात ब्रह्मदेवानं सांगितलं असतं तरी त्याला पटलं नसतं. लाखनीजवळच्या त्या गावात चार पिढ्या तलावावर धान पिकवणारं घराणं ते. एकुलता एक मुलगा तेजराम विशाखापट्टणमच्या बंदरात कामाला निघाला, तेव्हा बाप म्हणाला, "तलाव सोडून जाशीन तं सुकून मरशीन." पोरगा गेला तो तीन वर्षं फिरकला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पोळ्यानंतर त्यानं गावच्या धनीरामच्या हाती वीतभर काटेरी झाड पाठवलं, तेलाच्या डब्यात लावलेलं. सोबतची चिठ्ठी सत्यभामाबाईनं नवऱ्याला वाचून दाखवली. झाड दूरच्या कोरड्या बेटावरचं आहे, जहाजावरच्या माणसानं दिलं. पाणी बेतानं घाला. फूल आलं की कळवा, मी येतो.

"झाडाले पानी नोको म्हणते," भैयाजी हसला. पण पोरासाठी आतून तुटत होता बिचारा. त्यानं झाड अंगणात लावलं, भोवती बांध घातला आणि धानासारखं पाणी तुंबवून ठेवलं.

"अजी, चिठ्ठीत बेतानं लिवलं हाय."

ऐकेल तर शपथ. दिवाळीपर्यंत खोड बुडाशी सडून काळं पडलं.

त्या दिवशी भैयाजी जेवला नाही. पोराच्या येण्याची वाट आपल्याच हातानं बुजवली, हे त्याला कळत होतं. वरचा शेंडा तेवढा धड होता. बकऱ्या चढू नयेत म्हणून भिंतीवर बाभळीचे काटे खोचतात, तसा तोही त्यानं दिवाळीच्या ताज्या लिंपणात खोचला आणि विसरला.

जेठात तलावाचा तळ भेगाळला. भिंत तव्यासारखी तापली. बैल बांधता बांधता त्याची नजर वर गेली आणि तो जागीच थबकला. वाळल्या काट्यांत हिरवी पानं होती, आणि कुंकवाची बोटं उमटावीत तशी जोडीजोडीनं लाल फुलं. त्यानं बोट लावून पाहिलं. फूल खरंच होतं. या भिंतीवर आठ महिन्यांत कोणी चूळसुद्धा टाकली नव्हती. कुठल्या समुद्रातलं बेट, कुठली माती, आणि उमललं कुठं. साठ वर्षांत देवळात जे वाटलं नव्हतं ते त्याला तिथं उन्हात वाटलं. पायातल्या वहाणा कधी काढल्या, त्याचं त्यालाच कळलं नाही.

सत्यभामाबाई पाण्याचा गडवा घेऊन धावली. त्यानं तिचा हात धरला.

"नोको. त्याले त्याच्या रीतीनं जगू दे."

मग म्हणाला, "कार्ड लिव्ह. फूल आलं म्हणाव."

तिनं लिहिलं. "आनखी काय?"

"लिव्ह, बापानं पानी घालून मारलं होतं. तुहं झाड आपल्या हिमतीनं जगलं. ये."