दुधाचा दोष

ईस्टरनंतरच्या आठवड्यात क्लेमेंटच्या घरचा चहा पहिल्यांदा फुटला, आणि घरातल्या सगळ्यांनी एकमताने दुधाच्या पातेल्याकडे पाहिलं.

उन्हाळ्यात दूध नासतं, त्यात नवल नाही. पण चहा रोजच फुटायला लागला तेव्हा क्लेमेंटने दूधवाल्याला फाटकातच गाठलं.

"काय रे रामू, आजारी कोण आहे? म्हैस की तू?"

रामू म्हणाला, "काका, हेच दूध मी पलीकडच्या आळीत घालतो. तिथे कुणाची तक्रार नाही."

क्लेमेंटच्या मते हा उद्धटपणा होता. रामूचं दूध बंद झालं. पिशवीचं सुरू झालं, तेही फुटलं. मग दुसऱ्या डेअरीची पिशवी आली आणि पहिलीच्या वाटेने गेली. दरम्यान तूरडाळ शिजेनाशी झाली, म्हणून वाणी बदलला. साबणाला फेस येईना, तेव्हा अंगाचा साबण बदलला. एकाच उन्हाळ्यात दूधवाला, वाणी आणि साबणाची कंपनी यांनी मिळून सांडोर गावातल्या एका भाजीवाल्या कुटुंबाविरुद्ध कट करावा, याचं घरात कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. दुधात, डाळीत आणि साबणावर जे पडतं ते एकाच विहिरीतून येतं, एवढं मात्र कुणी बोललं नाही.

बोलण्याची सोयही नव्हती. त्या विहिरीचं पाणी गोड आहे, ही या घराची ओळख होती. क्लेमेंटचे वडील पाहुण्यांना आधी पाणी द्यायचे, मग खुर्ची. विहिरीच्या शेजारी बावखल होतं, म्हणजे वाडीतलं जुनं तळं. ते पावसात भरायचं आणि उन्हाळाभर विहिरीला झिरपत राहायचं. समुद्र लांब नाही. जमिनीखालून तो रोज थोडा पुढे सरकायला बघतो, आणि बावखलाचं गोडं पाणी त्याला मागे रेटतं. हे सांडोरमध्ये शाळेत शिकवत नाहीत, कारण पूर्वी त्याची गरज नव्हती.

जानेवारीत क्लेमेंटने बावखल बुजवलं.

कारण अगदी समजूतदार होतं. त्याच्या मुलाने, केनीने, बोळिंजच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्ससाठी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला होता. दर शनिवारी ताजी भाजी, थेट वाडीतून. मागणी वाढली आणि वाफे कमी पडायला लागले. बावखल तर नुसतं पडून होतं. पाणी, शेवाळ, डास आणि एक बगळा. जवळच इमारत पाडणाऱ्या एका कंत्राटदाराने भराव फुकट दिला, वर आभारही मानले. फुकट देणारा माणूस आभार का मानतो, हा विचार त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आला नाही. वरून लाल माती टाकून भेंडीचे वाफे काढले. पहिल्याच खुरपणीत अर्धं वॉश बेसिन निघालं. क्लेमेंटने ते कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवलं. कोंबड्या त्यातून पीत नसत.

शुक्रवारी दुपार कलली की तोडणी सुरू होई. भेंडीची खाज टाळायला क्लेमेंट आणि त्याची बायको अँजेलिना केनीचे जुने, लांब बाह्यांचे ऑफिसचे शर्ट घालून वाफ्यांत उतरत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन कारकून काहीतरी हरवलेलं शोधताहेत. भेंडी, गवार, काकडी, दुधी. तांबड्या माठाच्या जुड्या केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीच्या, दोरीने बांधायच्या. मे लागला तसा माठाच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या.

"ऊन," क्लेमेंट म्हणाला.

वरंब्यावर सकाळी पांढरा थर दिसायचा, दात घासून चूळ टाकल्यासारखा.

"खत," क्लेमेंट म्हणाला.

बोळिंजला मात्र आनंदीआनंद होता. मनोरमाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका ग्रुपवर लिहीत असत. त्यांनी लिहिलं, 'यावेळचा माठ अप्रतिम! वेगळं मीठ घालावंच लागलं नाही. ही खरी नैसर्गिक चव.' खाली पंधरावीस जणांनी हात जोडले. केनीने तो मेसेज आईला वाचून दाखवला. अँजेलिना जुडी बांधत होती. तिने दोरीची गाठ मारली, सोडली आणि पुन्हा मारली.

केनीचं लग्न मेअखेरीला होतं. मुलगी डेल्फिन, उमेळ्याची, विमा कंपनीत. नुकसान नेमकं कधी सुरू झालं हे लोकांना विचारणं, हे तिचं रोजचं काम. लग्नाआधीच्या एका शुक्रवारी ती हौसेने जुड्या बांधायला आली. चहा झाला. फुटला होता, पण अँजेलिनाने गाळून गाळून पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखा केला होता. डेल्फिनने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"कधीपासून, आंटी?"

"काय कधीपासून?"

"चहा."

"अगं, दूध. हल्ली दुधात काय काय घालतात, देव जाणे."

डेल्फिनने माठाची एक जुडी पुढे ओढली. मग म्हणाली, "आमच्याकडेपण पहिली दोन वर्षं दूधच होतं."

बाहेर पंप चालू होता. त्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

"मग?" अँजेलिनाने विचारलं.

"मग डाळ. मग केळी. डॅडी म्हणायचे, बुजवलेलं बावखल पुढच्या वर्षी परत खोदू. दर वर्षी पुढच्या वर्षी. एक पावसाळा कोरडा गेला की खारं पाणी एक पाऊल आत येतं, आंटी, आणि एकदा आत आलं की ते पाहुणं राहत नाही. आता आमच्या विहिरीवर जाळी आहे आणि बाजूला सोसायटीचं पार्किंग. मुलं आत नाणी टाकतात. काहीतरी मागतात म्हणे."

"आणि या वर्षी खोदलं तर?"

"पावसाच्या आधी खोदलं तर कदाचित. ते मी लिहून नाही देऊ शकत." ती विम्यातली होती.

रात्रीच्या जेवणाची वाट न बघता अँजेलिनाने नवऱ्याला वाफ्यातच गाठलं.

"बावखल उघडू या."

"लग्नाच्या तोंडावर वाडीत जेसीबी घालू?"

"मग लग्न झाल्यावर."

"तेव्हा भेंडी ऐन भरात असेल. बोळिंजला काय पाठवू, माफीपत्र?"

"पाणी खारट झालंय, हो."

क्लेमेंटने आजूबाजूला पाहिलं. बगळा कधीच गेला होता, तरी त्याने आवाज उतरवला. "जानेवारीत बुजवलं, मेमध्ये उकरतो, असं म्हटलं की आळीत मला काय नाव पडेल, माहीत आहे? आणि थोडंसं मचूळ आहे. उन्हाळ्यात असतं."

"विहिरीवर काय म्हणणार आहात?"

यावर क्लेमेंट भेंडी तोडायला लागला. तिथली भेंडी तोडून झाली होती.

विहिरीवर म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. तेव्हा या आळीत बँड लावून विहिरीवर जातात, नवऱ्यामुलाच्या आंघोळीचं पाणी आणायला. घरच्या कर्त्याने पहिली ओंजळ प्यायची आणि मोठ्याने 'गोड' म्हणायचं. मग जमलेल्यांनी एकेक घोट घेऊन तेच म्हणायचं, आणि सगळ्यांत शेवटी नवऱ्याच्या आईने. आईने म्हटलं की शिक्का बसला. पुढचं लग्न होईपर्यंत त्या पाण्याला कुणी नाव ठेवायचं नाही, आणि विहिरीभोवतीचं काही हलवायचं नाही. या घरात केनीनंतर लग्नाचं कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी बँड वेळेवर आला, हेच अशुभ वाटावं असं होतं. विहिरीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पाणी इतकं खाली गेलं होतं की कळशी पोचल्याचा आवाज जरा उशिराने आला. बँडवाला त्या आवाजाची वाट बघत थांबला. क्लेमेंटने ओंजळ धरली, प्यायला. त्याचा कंठमणी वर गेला आणि लगेच खाली आला नाही.

"गोड," तो म्हणाला.

मग शेजारचा अँथनी. "गोड." मग त्याची बायको. मग उमेळ्याहून निरोप घेऊन आलेले दोघे, ते एकमेकांकडे बघून म्हणाले, "गोड." लग्नघरी दुसरं काय म्हणणार? क्लेमेंटची एमिली आत्या, आळीतली सर्वांत वयस्कर बाई, घोट तोंडात धरून बराच वेळ उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने गिळला, 'गोड' म्हणाली आणि शेजारणीला मोठ्या कुजबुजीत विचारलं, "लिमलेटची गोळी आहे का गं तुझ्याकडे?"

कुणीतरी हसलं. बाकीच्यांनी हसल्यासारखं केलं.

शेवटी ओंजळ अँजेलिनापुढे आली. ती प्यायली. समोर क्लेमेंट होता, नवीन शर्टात, मान थोडी पुढे काढून, परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखा. त्याच्या मागे भेंडीची हिरवी रांग. त्याच्याही मागे, पश्चिमेला, दिसत नव्हता पण होता, तो समुद्र. एक शब्द म्हटला असता तर सोमवारी जेसीबी आला असता. एक शब्द म्हटला असता तर मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, सगळ्या आळीसमोर, नवरा खोटा पडला असता.

"गोड," अँजेलिना म्हणाली.

बँड वाजायला लागला.

लग्न उत्तम झालं. दोन दिवसांनी उमेळ्याहून डेल्फिनच्या सामानाचा टेम्पो आला. कपाट, शिलाई मशीन, आणि सर्वांत मागे दोरखंडाने बांधलेली हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी. तिला लाल रिबिनीचं फूल लावलेलं होतं.

"हे काय?" क्लेमेंटने विचारलं.

"डॅडींकडून," डेल्फिन म्हणाली. "ते म्हणाले, फ्रिज काय कुणीही देईल."

क्लेमेंटने टाकीभोवती एक फेरी मारली. "ठेवायची कुठे?"

"भेंडीच्या वाफ्यात. तिथवर टँकरचा पाइप पोचेल." तिने पुढे जोडलं, "ती जागा मोकळीच होणार आहे."

बावखल होतं तिथे, बरोबर त्याच जागी, टाकी उभी राहिली. आभाळ अजून कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. टाकी भरताना अँजेलिनाने ड्रायव्हरला विचारलं, पाणी कुठलं.

"इथलंच, मावशी. तुमच्या मागच्या आळीतल्या विहिरीचं. रोजच्या आठ गाड्या काढतो." त्याने अभिमानाने पाइपला थोपटलं. "एकदम गोड पाणी."

घरात डेल्फिनने नव्या पाण्याचा चहा केला. गुळगुळीत, तांबूस, जसा असायला हवा तसा. केनी प्यायला. अँजेलिनाने कप हातात धरून ठेवला. तिला खिडकीतून टाकी दिसत होती, आणि टाकीच्या पायाशी माना टाकलेली भेंडी.

क्लेमेंटने बशीत ओतून फुर्र करून घोट घेतला, मिशा पुसल्या आणि तो समाधानाने म्हणाला, "बघ, मी काय सांगत होतो? दूध बदललं की झालं."