शिंदीचा जामीन

मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. त्यामुळे झाडांमधलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा बरीच वर्षं गैरसमज होता. तो एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावर, चिमणाबाईंनी सहज बोलता बोलता दूर केला.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला पाय मोडणारं. ताडामाडाच्या जातीची झाडं या डोंगरांत कुठे कुठे उभी आहेत आणि त्यांच्यावर कोण कोण जगतं, हे बघायचं. भेरली माड सावलीच्या दऱ्यांत सापडतो, शिंदी ओहोळाच्या काठाने. तीन वर्षं मी दर मे महिन्यात यायचे, कारण सुट्टी तेव्हाच. उतरायचे मंगळूबाबा आणि चिमणाबाईंकडे. दोघंही पासष्टीच्या पुढची, मूलबाळ नाही. मंगळूबाबा मला ओहोळ फिरवून आणायचे आणि चिमणाबाई नागलीची भाकरी वाढताना म्हणायच्या, "एवढी शिकलीस, तरी पायात काटा मोडल्याशिवाय एक दिस जात नाय तुझा."

त्यांच्या ओहोळावर सदतीस शिंदी होत्या. शिंदोळ्या पिकल्या की उदमांजर त्या खातं आणि बिया कुठल्या कुठे टाकून जातं. त्यातूनच वरच्या अंगाला नवी रोपं उगवतात. झावळ्यांना सुगरणी खोपे टांगतात, मुळं काठाची माती धरून ठेवतात. छत्तीस झाडांना घोस लागायचे. एकीला कधीच नाही. माझ्या वहीत तिच्यापुढे तीन वर्षं 'फळ नाही' एवढंच होतं. पाड्यात तिला वांझी म्हणत.

न फळणाऱ्या झाडाला आखाजीला जाब विचारायची या पाड्याची रीत. एकाने कुऱ्हाड उगारून म्हणायचं, "फळ देशील का तोडू?" मग दुसऱ्या कुणीतरी झाडाचा जामीन राहायचं आणि म्हणायचं, "राहू दे, पुढल्या साली देईल." असा जामीन तीनदाच मिळतो. चौथ्यांदा कुऱ्हाड खरी. वांझीला तीनही वेळा जामीन राहिल्या त्या चिमणाबाई.

"दर वेळी तुम्हीच का?" मी एकदा विचारलं होतं.

"माझ्यासाठी कोन राहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या सासूने मुलाला दुसरी बायको कर म्हणून पिच्छा पुरवला होता. मंगळूबाबांनी केली नाही, एवढं खरं. पण आई चारचौघांत सुनेला वांझ म्हणायची तेव्हा हा भला माणूस तोंडात मूग धरून बसायचा. मला त्याचा राग यायचा, आणि त्यांच्याच घरी जेवत असल्यामुळे तो गिळावा लागायचा.

हे चौथं वर्ष. पावसाआधी ओहोळावर साकव म्हणून आडवं टाकायला पाड्याला खोड हवं होतं, आणि फळतं झाड कोण तोडणार? वांझी पाडायचं ठरलं. वडीलधारे म्हणून कुऱ्हाड मंगळूबाबांच्या हातात. सकाळी पाड्यातल्या माणसांना घेऊन ते ओहोळाकडे गेले. चिमणाबाई सणाचा स्वयंपाक टाकून उंबऱ्यात बसून राहिल्या.

समजूत घालायची म्हणून मी काहीतरी बोलले. "म्हातारं झालं असेल झाड."

"म्हातारं कशाचं? शिमग्याला येऊन बघ कधी. हा एवढाला तुरा येतो. हलवलं की पांढरं पीठ उडतं, माझं डोकं भरून जातं. फुलायला लय फुलती गं, पन धरत नाय."

मी चटकन त्यांच्याकडे वळले. "पीठ? बाकीच्यांना येतं पीठ?"

"नाय. हिलाच. आधी आनखी दोघी व्हत्या पीठवाल्या. त्याबी वांझ निघाल्या, तोडल्या."

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. शिंदीत नर वेगळा असतो आणि मादी वेगळी, हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. पण शिमग्याला मी या ओहोळावर कधी फिरकलेच नव्हते. आणि आपल्या भाषेत शिंदी ती शिंदी, म्हणजे बाईच. बाई फळली नाही की तिला काय म्हणायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पाडा चुकला तो असा, आणि पीएचडी झालेली मी त्यांच्या मागोमाग.

"चिमणाबाई, उठा, पळा!"

त्या माझ्या पुढे धावत होत्या. आम्ही पोचलो तेव्हा मंगळूबाबांनी कुऱ्हाड उगारून विचारलं होतं, "फळ देशील का तोडू?" आणि उत्तर द्यायला कुणी पुढे येत नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. "ती शिंदी नाहीच. तो शिंदा आहे!"

लोक खो खो हसले. मी धापा टाकत सांगत राहिले. हा नर आहे. याचं पीठ वाऱ्याने बाकीच्या छत्तीस झाडांच्या फुलांवर जातं, तेव्हा कुठे त्यांच्यात बी धरतं. हा गेला तर फळं बारकी आणि बिनबियांची येतील, नवं रोप उगवायचं नाही.

हसणं आधी थांबलं ते मोतीरामचं. तो शेजारच्या घरचा, मंगळूबाबांचा पुतण्या. "माझ्या सासरवाडीला असंच झालं," तो म्हणाला. "वांझ्या तोडल्या, तवापासनं काठावर एक रोप नाय. आमी म्हनलो, देव कोपला."

मंगळूबाबांनी कुऱ्हाड खाली घेतली. "म्हंजे खोट नव्हतीच?"

"नव्हती."

"आन् आमी जन्मभर वांझ म्हनत आलो."

त्यांनी खोडावरून हात फिरवला. मग कुऱ्हाड मोतीरामच्या हातात दिली आणि खोडाला पाठ लावून उभे राहिले. "राहू दे. जामीन मी."

"काका, तीन जामीन झाले की."

"झाले तर झाले. आनखी एक सांगायचं हाय, समद्यांनी ऐका. चिमणेला घेऊन नाशकाला गेलो व्हतो, चाळीस सालं झाली. डाक्टरनं तिला तपासलं, काय नाय निघालं. म्हनला, आता तुझी तपासनी करू. मी पळून आलो. आईला बोललो नाय, कुनालाच बोललो नाय. हिच्यातबी खोट नव्हती."

मला वाटलं, आता चिमणाबाई फुटणार, आणि फुटल्या असत्या तर मी त्यांच्याच बाजूने उभी राहिले असते. त्या शांतपणे नवऱ्याजवळ गेल्या.

"ठाव हाय मला. डाक्टर मला बोलला व्हता तवाच."

"मंग तू बोलली का नाय कुनाला?"

"लोकांनी तुला नावं ठेवली असती. माझं मी सोसलं. तुझं सोसवलं नसतं मला."

मंगळूबाबा सगळ्या पाड्यादेखत रडले. चिमणाबाईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि आमच्यावर खेकसल्या, "बघता काय असे? जा आपापल्या घरी, सण हाय आज."