दुसऱ्या प्रतीवरची सही

धम्मपाल गांगुर्डे यांनी एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षे आवक-जावकचे टेबल सांभाळले. या काळात त्यांनी एकाही माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि निवृत्तीनंतरही तब्येत जपून तोच नेम चालू ठेवला. कुणालाही काही दिले, की दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ अशी तारखेसह सही घ्यायची. याला पोच म्हणतात. जेलरोडच्या आमच्या कॉलनीत इस्त्रीवाल्यापासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना पोच दिलेली आहे. मी त्यांची शिडी परत केली तेव्हा तेच मला पोच द्यायला निघाले. मला ती नको होती. पण नको असल्याचे लेखी द्यावे लागले असते, म्हणून घेतली.

त्यांची मुलगी अंजली पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होती. घड नुसता हातात घेऊन तो बोटीत किती दिवस तग धरेल ते सांगायची. तिला न्यूझीलंडच्या एका फळकंपनीने बोलावले. व्हिसा दोन वर्षांचा आणि त्याच कंपनीच्या नावाने. म्हणजे नोकरी आहे तोवर देश, नोकरी गेली की विमान. करारात ही अट सहाव्या पानावर बारीक अक्षरांत होती. साऱ्या कॉलनीत ते पान फक्त गांगुर्डेकाकांनी वाचले. बाकीचे आम्ही सत्काराच्या फ्लेक्सवर फोटो कुठला टाकायचा यावर चर्चा करत होतो.

काकांनी तिच्या बॅगेत कार्बन पेपरचा अख्खा डबा भरला. व्हिसाची कामे करणारा रविराज तिथेच बसला होता.

“काका, तिकडं सिस्टीम असते. पोच मागितली तर समोरचा म्हणेल, माझ्यावर विश्वास नाही का?”

“मग सांगायचं, नाही,” काका म्हणाले.

“पप्पा, मी असं सांगितलं तर पहिल्याच दिवशी परत पाठवतील,” अंजली म्हणाली.

“मग तू म्हण, आमच्याकडं पद्धत आहे. पद्धत म्हटलं की लोक चौकशी करत नाहीत.”

आईने कुरडयांचा पुडा वरून कोंबला. तिकडच्या विमानतळावर कुरडया अडल्या. कार्बन सुटला.

कामाच्या पहिल्याच दिवशी कंपनीच्या मॅनेजरने सगळ्या नव्या माणसांचे पासपोर्ट ‘सुरक्षित राहावेत म्हणून’ गोळा केले. अंजलीनेही दिला, सोबत एक कागद दोन प्रतींत: ‘माझा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवण्यास दिला आहे.’

“हे काय?” मॅनेजरने विचारले.

“आमच्याकडे पद्धत आहे.”

परक्यांच्या चालीरीतींचा मान राखावा असे त्याला कुठल्यातरी शिबिरात शिकवले होते. त्याने सही केली आणि वर हातही जोडले.

तिसऱ्या दिवशी कळले, की सुपरवायझरची जागाच रिकामी नाही. अंजलीला कोल्ड स्टोरेजमध्ये क्रेट धुवायला लावले. तक्रार करावी तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर देश. तिने दुसरेच केले. दर सोमवारी सकाळी ती मॅनेजरपुढे अर्ज ठेवायची: ‘माझी नेमणूक सुपरवायझर म्हणून असून, मागील आठवड्यातही मला फक्त क्रेट धुण्याचे काम देण्यात आले. माहितीस्तव सविनय सादर.’ तो न वाचताच हसत सही करायचा. इतरांना सांगायचा, भारतातले लोक किती नम्र. ही मुलगी आठवड्याची सुरुवात प्रार्थनेने करते. असे एकोणीस सोमवार झाले. एकदा ती सर्दीने झोपून होती, तर त्यानेच निरोप पाठवला, आजचा कागद राहिलाय.

विसाव्या सोमवारी तिने पासपोर्ट परत मागितला. मॅनेजरचे हसू संपले. “व्हिसा माझ्या कंपनीचा आहे,” तो म्हणाला, आणि त्याच दिवशी तिला काढून टाकून सरकारला कळवले, की या बाईंना सुपरवायझरचे काम झेपले नाही, पासपोर्ट त्यांच्याचपाशी आहे, त्यांना परत पाठवावे.

दुपारी व्हिडिओ कॉल आला. मी शिडी मागायला गेलो होतो.

“पप्पा, नोकरी गेली. मला इथून निघावं लागणार.”

आईने पदर डोळ्यांना लावला. रविराजला फोन केला, तर तो म्हणाला, गुपचूप परत येऊ द्या, भांडलात तर पुढे कुठलाच देश घेणार नाही.

काकांनी चष्मा पुसला. “फाइल कुठाय?”

“उशाखाली.”

“शेवटचा जावक क्रमांक?”

“वीस.”

“मग रडणं नंतर. आधी तिथल्या कामगार कचेरीत जा. आणि फाइल दिलीस की—”

“पोच घेईन, पप्पा.”

त्या कचेरीतल्या बाई पाने उलटू लागल्या. पहिल्या पानावर मॅनेजरची सही: पासपोर्ट कपाटात आहे. पुढच्या एकोणीस पानांवर त्याचीच सही: सुपरवायझरचे काम दिलेलेच नाही. सातव्या पानाला बाईंनी शेजारच्या साहेबांना हाक मारली. बाराव्याला तिसरे साहेब उभ्याने वाचत होते. मॅनेजरला बोलावले गेले.

“सही तुमचीच?”

“माझीच. पण मला वाटलं, ही त्यांची प्रार्थना आहे.”

बाईंनी हे वाक्य लिहून घेतले आणि त्याखाली त्याची सही घेतली. अंजलीने एक प्रत मागून घेतली.

दोन दिवसांत तिचा पासपोर्ट तिच्या हातात आला, आणि कपाटातले इतर सहाजणांचेही ज्याचे त्याला मिळाले. तिला कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी मिळाली. महिन्याच्या आत ती दुसऱ्या पॅकहाउसात सुपरवायझर झाली. तिथल्या करारात बारीक अक्षरे होती. तिने ती मोठी करून मागितली, आणि त्यांनी करून दिली.

काकांनी कॉलनीभर पेढे वाटले. सोबत आखलेली वही: नाव, पेढ्यांची संख्या, सही. मी दोन घेतले आणि दोन लिहिले. रविराजने सही करण्यापूर्वी पान उलटून मागची बाजूही वाचली. मग हळूच म्हणाला, “काका, अंजलीताईंच्या त्या अर्जाचा नमुना मिळेल का? पुढच्या महिन्यात माझ्याकडनं सातजण चाललेत.”

“मिळेल की,” काका म्हणाले. “अर्ज करा.”

रविराजने तिथेच बसून अर्ज लिहिला. दोन प्रतींत.