रोजचे दोन चौकोन

मी बायबल वाचनाचा तक्ता बोलतोय. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने, चार चिकटपट्ट्यांनी मला लावलंय. खालची डावी पट्टी सुटली आहे, त्यामुळे दार उघडलं की माझा एक कोपरा फडफडतो. तेवढीच माझी हालचाल. बोलायची मला सवय नाही. पण या घरात मी इतकं न बोलणं बघितलंय की आता माझ्याच्याने गप्प राहवत नाही.

माझा जन्म लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात झाला. माझा मालक तिथे मेकॅनिक आहे. प्रत्येक लिफ्टच्या मशीनखोलीत एक कार्ड टांगलेलं असतं: दोर बघितले, ब्रेक बघितला, दारं बघितली. प्रत्येक कामापुढे एक चौकोन. काम न करता त्या चौकोनात खूण करणं त्याला जन्मात जमलं नाही, म्हणून कामावरचे लोक त्याला 'टिकमार्क' म्हणतात. त्याला ते नाव मनातून आवडतं.

माझ्या जन्माचं कारण मात्र लिफ्ट नव्हे, त्याची बायको. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. लग्नाला चौदा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि बोलणं आटत आटत "डबा घेतला?" आणि "उशीर होईल का?" एवढ्यावर आलेलं. भांडण असतं तरी घरात आवाज राहिला असता. शेवटी एका रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपल्यावर तिने फादरांना सांगितलं, की मी दुसऱ्या गावी ताईकडे राहायला जाते आहे.

फादर म्हणाले, "जायचं तर जा, मी अडवणारा कोण? पण आधी एक वर्ष दोघं रोज मिळून बायबल वाचा. कसं वाचायचं ते दोघांनी बसून ठरवा. मला विचारायला येऊ नका."

दोघांनी बसून ठरवायचं होतं. मालकाने मला तयार करूनच घरी आणलं. कामावरच्या एका सोबत्याच्या डायरीत वर्षभराच्या वाचनाची यादी होती. ती त्याने कॉम्प्युटरवर उतरवली, प्रत्येक तारखेपुढे दोन चौकोन आखले, एक त्याचा, एक तिचा. बरोबर तीनशे पासष्ट ओळी. इतका नीटनेटका तक्ता त्या ऑफिसातून कधी निघाला नसेल, हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे, थोडं फुशारकीनेच सांगतो.

"ठरवायचं होतं ना आपण?" ती म्हणाली.

"ठरवू की. हा बघ, एका वर्षात सगळं बायबल. रोज तीन-चार अध्याय."

"मला वाटत होतं, रोज मिस्साचं वाचन घ्यावं. छोटं असतं. वाचून झाल्यावर जरा बोलता येईल."

"अगं, तसं केलं तर कितीतरी राहून जातं. करायचं तर पूर्ण करू."

तिने मला हातात घेतलं, पण वाचलं नाही. "आपल्या लग्नाच्या दिवशीचं ते वाचन येईल ना यात?"

"सगळं बायबल आहे म्हटल्यावर ते जाईल कुठे?"

"मग चालेल."

असा मी निवडला गेलो. तिचं ते 'चालेल' मला तेव्हा फार मोठी पावती वाटली होती.

ते लग्नाच्या दिवशीचं वाचन कुठलं, हे मला पुढे कळलं. तोबीतच्या पुस्तकात एक नवं जोडपं झोपण्याआधी उभं राहून देवाला विनवतं, की आम्हाला एकमेकांसोबत म्हातारं होऊ दे. लग्नाच्या दिवशी घरी आल्यावर या दोघांनी ते मिळून वाचलं होतं आणि वाचता वाचता त्याचा आवाज भरून आला होता. हे ती ताईला फोनवर सांगत होती. एका हातात चमचा, कपाटाचं दार उघडं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"ताई, ते पान नहेम्याच्या पुस्तकानंतर लगेच येतं. तेवढं येऊ दे. त्या दिवशी ते जरा थांबले, एक शब्द बोलले, तर मी राहते. नाही तर येते... नाही गं, मी कशाला आठवण करून देऊ? मी आठवण करून दिल्यावर काय अर्थ राहिला?"

त्याच दिवशी तिने बायबलमध्ये त्या पानाशी लग्नाचं कार्ड घालून ठेवलं.

वाचन रोज सकाळी सहाला, याच ओट्याशेजारच्या टेबलावर. तो वाचायचा, ती ऐकायची. तो वाचायचा म्हणजे लिफ्ट अडकलीय आणि आत माणसं आहेत अशा घाईने. ती मधेच म्हणायची, "त्या बाईला तेव्हा काय वाटलं असेल हो?" तो म्हणायचा, "पुढे बघू. अजून दोन अध्याय आहेत." मग उठून माझ्यावर दोन खुणा करायचा.

तिची सकाळची पाळी असली की ती साडेपाचलाच निघून जायची. तो एकटा वाचायचा आणि तिच्याही चौकोनात खूण करून टाकायचा. लिफ्टच्या कार्डावर ज्याने उभ्या आयुष्यात खोटी खूण केली नाही, तो माणूस बायकोच्या चौकोनात बिनदिक्कत करायचा.

"मी कुठे वाचलं आज?" तिने एकदा विचारलं.

"मग तुझा चौकोन रिकामा राहिला असता ना."

खरं सांगतो, तेव्हा मी त्याच्याच बाजूने होतो. रिकामा चौकोन मलाही खुपायचा.

चार महिने गेले. नहेम्या संपत आला तसं तिने माझ्याकडे न बघता, बायबलमधले उरलेले अध्याय मोजून दिवस धरायला सुरुवात केली. लॅबमधल्या मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली. नहेम्या संपल्याच्या दुसऱ्या सकाळी पाहुण्यांसाठीचे कप काढले, केस नीट विंचरले, आणि तो बसायच्या आधी येऊन बसली. त्याने माझ्याकडे बघितलं, पानं उलटली, आणि थेट एस्तेरच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचायला घेतला.

"आज एस्तेर?" ती म्हणाली.

"हो."

"मधे काही नाही?"

"मधे काय असणार? तक्त्यात आहे तसं वाचतोय."

पानं उलटताना ते कार्डही त्याच्या बोटांखालून गेलं होतं. त्याला वाटलं असेल, आहे कसली तरी खूण. ती उठून माझ्याजवळ आली. तिचं बोट माझ्या ओळींवरून वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. मग तिने दार लावून घेतलं. पुढचे तीनही अध्याय तिने शांतपणे ऐकले. त्या अंधारात मला पहिल्यांदा माझी लाज वाटली.

शनिवारी ती गेली. "ताईकडे जाते," एवढंच म्हणाली. त्याला वाटलं, आठवड्याभराने येईल. जाताना तिने आपली घराची किल्ली फ्रिजवर ठेवली. त्याने दोन्ही चौकोन भरणं चालूच ठेवलं. तिथे ती वाचतच असेल, असं तो धरून चालला होता.

तीन महिन्यांनी फादर विचारपूस करायला आले. चहाला साखर हवी म्हणून त्याने कपाट उघडलं, तर फादरांनी चष्मा काढून मला जवळून वाचलं.

"हा कुठून आणलास?"

"कामावरच्या सोबत्याच्या डायरीतून. का? सगळं आहे त्यात."

"सगळं नाही रे. तुझा सोबती आपल्यासारखा कॅथलिक नसणार, प्रोटेस्टंट असेल. त्यांच्या बायबलमध्ये सात पुस्तकं कमी असतात. हे बघ, नहेम्यानंतर आपल्याकडे तोबीत येतं, तुझ्याकडे थेट एस्तेर."

फादरांनी टेबलावरचं बायबल उघडलं. ते आपणहूनच त्या कार्डापाशी उघडलं. त्याने कार्ड बघितलं, पान बघितलं. चहा उतू गेला तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.

फादर गेल्यावर त्याने पट्टी आणून माझ्या तळाशी एक नवी ओळ आखली. 'तोबीत' असं लिहिलं, पुढे दोन चौकोन काढले, आणि फोन स्पीकरवर ठेवून तिला लावला.

"जरा ऐकशील?"

त्याने ती विनवणी वाचली. घाई न करता. चौदा वर्षांपूर्वी जिथे आवाज भरून आला होता, बहुतेक तिथेच पुन्हा आला. मग म्हणाला, "मी मुद्दाम गाळलं नव्हतं गं. मला माहीतच नव्हतं."

"माहीत आहे मला. मुद्दाम करणारे तुम्ही नाहीच," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "पण ते पान तुमच्या हाताखालून गेलं हो. त्या दिवशी मी समोर बसले होते."

"ये ना परत."

"इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीत कायम झाले मी, गेल्या महिन्यात."

त्याने पेन उचललं. "तुझ्या चौकोनात खूण करू?"

"नको. तो राहू दे तसाच."

त्यानंतर त्याने माझ्यावर पेन टेकवलं नाही. एस्तेरनंतरच्या तिच्या खोट्या खुणा रबराने खोडायचा त्याने एकदा प्रयत्न केला. कागद चुरगळला, खुणा गेल्या नाहीत.

वर्ष संपलं की मला काढून टाकतील, त्याची मला काळजी नाही. तुम्हा नवरा-बायकोला माझ्यासारखा तक्ता हवा असेल तर जरूर लावा. पण समोरचं माणूस मधेच काही विचारेल तेव्हा पुढचा अध्याय राहू द्या. तक्त्याला काही होत नाही, हे मीच तुम्हाला सांगतोय.

रोज सकाळी सहाला तो कपाटाचं दार उघडतो. साखरेचा डबा काढायच्या आधी माझ्या तळाच्या ओळीकडे बघतो. मग एक कप चहा करतो आणि दार लावून घेतो.