बंकरमधून दिसणारी खिडकी

नदी समुद्राला मिळते तिथला युद्धातला बंकर साफ करून लोकांना दाखवायचं नगरपालिकेनं ठरवलं, तेव्हाच मी म्हटलं, यात कुठेतरी पाणी मुरतंय. इतकी वर्षं तिथे कुत्री व्यायली, कुणाला सोयरसुतक नव्हतं. आता एकदम रंगरंगोटी आणि दारात पाटी! पाटीवर काय येणार ते मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या बाबांचं नाव.

बाबा वाटाडे होते, जहाजांना गाळ चुकवत नदीत आणायचे. युद्धात ब्लॅकआउट, रात्री काडी ओढायची सोय नव्हती. एका रात्री बंकरमधल्या पहारेकऱ्याला आमच्या घरात उजेड दिसला, आणि त्याच रात्री शत्रूची बोट आत शिरून आपली गस्तीची लाँच बुडवून गेली. बाबांना धरून नेलं. स्वयंपाकघरातला कंदील मालवायचा राहिला, असं त्यांनी कबूल केलं. मारून कबूल करून घेतलं असणार, मी तर कायम हेच म्हणत आले. तुरुंगातून आले ते खोकला घेऊनच, आणि पुन्हा कुणी त्यांच्या हाती जहाज दिलं नाही. शाळेत पोरी मला 'दिवेवाली' म्हणायच्या. मी रडत घरी यायची आणि आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, माझ्या वेण्या घालता घालता वर्दी देणाऱ्या त्या पहारेकऱ्याला शिव्या घालायची.

तो पहारेकरी अजून जिवंत आहे. होता साधा शिपाई, पण सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. बाबांवर खार खाऊन त्यानं खोटं सांगितलं, हे आमच्या घरात ठरलेलंच होतं. तो रस्त्यात दिसला की मी बाजू बदलते.

मग संग्रहालयातली मुलगी माझ्या शिवणाच्या दुकानात आली. "मावशी, पाटी लिहिण्याआधी तुम्ही एकदा बंकर बघून जा ना."

एवढी गोड बोलतेय म्हणजे हिला नक्की काहीतरी काढून घ्यायचंय. तरी गेले. म्हटलं, कॅप्टनचं खोटं सापडलं तर बाबांचं नाव तरी वाचेल.

आत नुसती ओल आणि ताज्या चुन्याचा वास. बाहेर बघायला भिंतीत एक आडवी फट, तेवढीच. डोळा लावला. पलीकडच्या काठावर मिठाचं गोदाम आणि त्याच्या मागे आमचं घर. गोदाम आजोबांच्या वेळचं. त्यानं घराचा खालचा भाग पार झाकलेला.

"बघ!" मी ओरडलेच. "इथून आमचं स्वयंपाकघर दिसतच नाही! मग कॅप्टनला कंदील दिसला कसा? थापाड्या मेला!"

मुलगी जरा घुटमळली. "मावशी, कॅप्टन स्वयंपाकघर म्हणालेच नव्हते. मी त्यांना इथे आणून विचारलं. ते म्हणाले, कौलांखालची छोटी खिडकी. तेव्हाही तेच सांगितलं होतं म्हणे, पण तुमच्या बाबांनी कंदील कबूल केल्यावर कुणी पुढे विचारलंच नाही."

मी पुन्हा डोळा लावला. गोदामाच्या छपरावरून आमच्या घराची एकच गोष्ट दिसत होती. माळ्यावरची खिडकी. आत्याच्या खोलीची.

तुरुंगातून आल्यावर बाबांनी पहिलं काम काय केलं, तर ती खिडकी खिळे ठोकून बंद केली. वाऱ्यानं आपटते म्हणाले. मी सगळ्या जगावर संशय घेत हिंडले, घरात मात्र कधी घेतला नाही.

घरी आत्या खाटेवर बसून उशीला खोळ घालत होती.

"आत्या, वरच्या खिडकीत दिवा कोण लावायचं?"

तिचे हात थांबले.

"त्याची पाळी असली की मीच लावायचे," ती म्हणाली. "क्षणभरच. मी जागी आहे एवढं बंकरमध्ये त्याला कळावं म्हणून."

"कॅप्टनला?"

"शी! कॅप्टन कुठला! दुसरा होता. त्या रात्री ऐन वेळी पाळी बदलली. बंकरमध्ये हा कॅप्टन बसला आणि त्याला लाँचवर पाठवलं."

लाँचवर. त्याच रात्री बुडाली त्या.

"मला काय ठाऊक गं! दादा म्हणाला, तू एक अक्षर बोलायचं नाहीस, मी निस्तरतो."

"आणि बोलली नाहीस! मी रडत होते, तू माझ्या वेण्या घालत होतीस आणि शिव्या मात्र कॅप्टनला!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी पोटाशी धरावंसंही.

"रोज वाटायचं सांगावं. पण तू पण मला टाकलं असतंस," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "त्या मुलीला बोलाव. पाटीवर दादाचं नाव नको. माझं घाला."

मी पक्कड घेऊन माळ्यावर गेले. बाबांचे खिळे गंजले होते, तरी निघता निघेनात. शेवटी करकरत खिडकी उघडली.

"दिसतो का गं बंकर?" खालून आत्यानं विचारलं. खिळे ठोकल्यापासून तिनं या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"दिसतो," मी म्हटलं. "अगदी समोर. थांब, जिना एकटी चढू नकोस. मी येते न्यायला."