एकमताने परमेश्वर

देवाला यापुढे एकच नाव ठेवायचं, असं गुरुद्वाऱ्याच्या समितीने एकमताने ठरवलं. देवाला कुणी विचारलं नाही. आम्हालाही नाही, आणि ग्रंथाचा अनुवाद तर आम्ही केला होता, बाबांनी आणि मी.

बाबांचं काम ग्रंथीचं. सकाळ-संध्याकाळ गुरुद्वाऱ्याच्या हॉलमध्ये ग्रंथ उघडायचा, वाचायचा, अर्थ सांगायचा. त्यासाठी पगार जेमतेम, पण हॉलच्या मागच्या दोन खोल्या राहायला मिळालेल्या. मी त्याच खोल्यांत वाढले. आता कोर्टात दुभाषी आहे आणि वेगळी राहते. तरी सुट्टीच्या दिवशी मी आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी येऊन बसायचे आणि बाबा अन् मी एकेक ओळ घेऊन भांडायचो. नव्या मुलांना जुनी भाषा कळत नाही, त्यांच्यासाठी सोप्या भाषेत अर्थ हवा, म्हणून समितीनेच हे काम दिलं होतं.

बाबांची पद्धत ठरलेली. ओळ म्हणायची, मग नावाच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवायचं. जुन्या लिपीत तिथे बारीकशा खुणा असतात. वाचताना त्या ऐकूही येत नाहीत, पण अर्थ त्यांच्यावर उभा असतो.

“इथे देव काही करतोय, की त्याला कुणी हाक मारतंय?” बाबा विचारायचे.

“हाक.”

“मग तू ‘देव आहे’ असं काय लिहिलंयस? पोराने ‘आई गं’ म्हटलं तर ‘आई आहे’ असं लिहिशील?”

“मला मध्ये ओढू नका,” आई गॅसजवळून म्हणायची. “आणि टेबल रिकामं करा, ताटं कुठे मांडू?”

नावांच्या बाबतीत मात्र आमचं कधी भांडण झालं नाही. ग्रंथात राम आहे, हरी आहे, गोविंद आहे, अल्ला आहे, खुदा आहे, ठाकूर आहे, साहेब आहे. आम्ही जिथे जे होतं तिथे ते ठेवलं. ‘साहेब’ वाचून कुणाला ऑफिसातला साहेब आठवला तर आठवू दे, असं बाबांचं म्हणणं होतं.

मग छापून आलेली पहिली प्रत हातात पडली. बाबांनी चष्मा लावला, मधलंच एक पान उघडलं आणि खो-खो हसायला लागले. मी पाहिलं तर लिहिलं होतं, ‘त्याच्या दारी मनाला आपरमेश्वर मिळतो.’

मला कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. कुणीतरी कॉम्प्युटरला सांगितलं होतं, जिथे ‘राम’ दिसेल तिथे ‘परमेश्वर’ घाल. कॉम्प्युटर आज्ञाधारक. त्याने ‘आराम’मधलाही राम सोडला नव्हता. ‘हरीण’मधल्या हरीचंही तेच झालं होतं, जंगलातून ‘परमेश्वरण’ पळत होतं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बाबांनी पुढचं पान उलटलं आणि त्यांचं हसू गेलं. तिथे मूळ ओळीत लोक त्या एकालाच वेगवेगळ्या नावांनी बोलावतात, कोणी या नावाने, कोणी त्या, असं आहे. छापलं होतं, ‘कोणी त्याला परमेश्वर म्हणतं, कोणी परमेश्वर म्हणतं.’ पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं, ‘ग्रंथीजींनी तपासलेली प्रत.’

“मी हे तपासलं?” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी अध्यक्ष आले. त्यांना सगळे पाठीमागे एकमतकाका म्हणतात, कारण समितीत काहीही झालं तरी ते ‘एकमताने’ झालेलं असतं. चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं. माणूस वाईट नाही, हे मला रागातही कबूल करावं लागतं.

“आपरमेश्वराचं तेवढं दुरुस्त करू,” खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. “स्टिकर लावू.”

“आणि बाकीचं?” मी विचारलं.

“बाकीचं समितीने एकमताने ठरवलंय, पोरी.”

“काका, कोर्टात साक्षीदार एकाच माणसाला आधी ‘भाऊ’ म्हणतो, मग ‘शेजारी’ म्हणतो, मग ‘चोर’ म्हणतो. मी तिन्ही वेळा ‘आरोपी’ म्हटलं तर जज मला दारातून हाकलून देईल. कुणी कुणाला काय म्हटलं, त्यातच तर सगळं असतं.”

“हे कोर्ट नाही.”

“नाही ना. इथे तर जास्तच सांभाळायला हवं.”

काकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. “तुला बोलायला काय जातं? माझ्या दुकानाची काच फुटली तेव्हा तू होतीस? आधी एक टोळकं आलं, म्हणे तुमच्या पुस्तकात राम आहे, म्हणजे तुम्ही त्यांचेच. मग दुसरे आले, तुमच्यात अल्ला आहे, म्हणजे तुम्ही यांचे. मी कुणाकुणाला समजावू? सरसकट परमेश्वर म्हटलं की कुणी काही विचारणार नाही.”

काच फुटली होती हे खरं होतं. नातवाला कडेवर घेऊन काका दुकानासमोर काचा झाडत होते, ते मी स्वतः पाहिलं होतं.

बाबांनीच तोंड उघडलं. “दोघांनी विचारलं ना, तुम्ही कुणाचे? त्याचंच तर उत्तर आहे त्या ओळीत. नेमकं तेच तुम्ही खोडलंत.”

काका उठले. “रविवारी प्रकाशन आहे. तुम्ही मूळ पान वाचायचं आणि मग नव्या पुस्तकातून अर्थ वाचायचा. तुम्ही वाचलंत की लोक मानतील. नसेल जमत तर तसं सांगा. दुसरा ग्रंथी मिळेल, पण त्याला राहायला खोल्या लागतील.” दारापर्यंत गेले आणि न वळताच म्हणाले, “मला वाईट वाटतंय.”

ते गेल्यावर आईने आधी माझ्याकडे पाहिलं. “तू तुझ्या घरी जाशील,” ती म्हणाली. “आम्ही या वयात कुठे जायचं? वाचा ना छापलंय तसं. देवाला कळतं सगळं.”

बाबा म्हणाले, “वाचतो.”

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं एका उकारासाठी माझ्याशी वाद घालणारा माणूस, आणि दोन खोल्यांपुढे मान टाकली! मी तसं तोंडावर बोलले. ते नुसतं म्हणाले, “रविवारी पुढे बस. ऐकू येईल अशी.”

आमच्यात एक रीत आहे. ग्रंथ वाचताना वाचणाऱ्याची जीभ घसरली, तर समोर बसलेल्यांपैकी कुणीही, अगदी कुणीही, तिथल्या तिथे ती चूक सांगू शकतं. वाचणाऱ्याने वाद घालायचा नाही, रागवायचं नाही. मागे यायचं आणि ओळ बरोबर वाचायची. चुकलेली ओळ तशीच ठेवून पुढे जाता येत नाही. बाबांच्या चुका तर मी शाळेत असल्यापासून काढत आले, आणि प्रत्येक वेळी ते मान लववून मागे आले.

रविवारी हॉल भरला होता. मी फुगूनच पुढे जाऊन बसले. बाबांनी मूळ पान वाचलं. ते वाचताना त्यांचा आवाज मोकळा होतो, शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचतो. मग नवं पुस्तक उघडून त्यांनी स्पष्ट, सावकाश वाचलं, “कोणी त्याला परमेश्वर म्हणतं, कोणी परमेश्वर म्हणतं.”

आणि थांबले. चष्म्यावरून थेट माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला कळलं.

“चूक,” मी म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

बाबांनी मान लववली, मागे आले आणि छापलं होतं तेच पुन्हा वाचलं. “कोणी परमेश्वर म्हणतं, कोणी परमेश्वर म्हणतं.”

“चूक!” आता मागून एका म्हातारीचा आवाज आला. “कोणी राम म्हणतं.”

बाबा पुन्हा मागे आले. पुन्हा तेच वाचलं. आता बायकांच्या बाजूने दोघीतिघी एकदम बोलल्या, पुरुषांतून कुणीतरी ‘खुदा’ म्हणालं, आणि एक लहान मुलगी हसून ओरडली, “दोन्हीकडे परमेश्वरच आहे!” हॉलमध्ये हशा पिकला. काका पहिल्या रांगेतून दबक्या आवाजात म्हणाले, “पुढे चला, ग्रंथीजी.”

“कसा जाऊ?” बाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. “चूक काढलीय. छापलंय ते वाचलं तर पुढे जाता येत नाही, आणि बरोबर वाचलं तर छापलेलं राहत नाही. तुम्हीच सांगा काय करू.”

काका उभे राहिले. चेहरा लाल झाला होता, आणि रागापेक्षा त्यात भीतीच जास्त होती. “मग उतरा खाली. आणि खोल्या रिकाम्या करा.”

मी आईकडे पाहिलं, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“करतो,” बाबा म्हणाले. “ओळ अर्धी राहिलीय, तेवढी पुरी होऊ दे.”

त्यांनी नवं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि आम्ही टेबलापाशी भांडून ठरवलेला अर्थ तोंडपाठ म्हटला. राम जिथे होता तिथे राम, खुदा जिथे होता तिथे खुदा. प्रत्येक नावाला हॉल त्यांच्याबरोबर बोलत होता. टोळक्याच्या धास्तीने कुणी मागे वळून दाराकडे पाहिलं नाही.

खोल्या गेल्या. आई-बाबा आता माझ्याकडे असतात, जागा अपुरी पडते, आणि बाथरूमवरून रोज सकाळी चकमक उडते. पुस्तकं मात्र वाटून झाली होती. रविवारी लोक आपापली प्रत घेऊन आमच्याकडे येतात, बाबा मूळ ओळ म्हणतात आणि प्रत्येक जण छापलेला परमेश्वर खोडून वर पेनाने खरं नाव लिहितो. जिन्यापर्यंत चपला असतात.

समितीने हॉलच्या दारावर नोटीस लावली आहे, ‘पुस्तकात पेनाने खाडाखोड करू नये. एकमताने ठरले.’ गेल्या आठवड्यात त्याच नोटिशीवर कुणीतरी ‘एकमताने’ हा शब्द खोडला आणि खाली उरलेल्या जागेत सगळी नावं ओळीने लिहून ठेवली. बाबांनी मला विचारलं, हे तुझं काम ना? मी नाही म्हटलं. अक्षर मी ओळखलं होतं. ते आईचं होतं.